दोन बले, दोन वक्रता

गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व मुळात एकच आहेत का, हा प्रश्न अकरावीच्या वर्गात पहिल्यांदा डोके वर काढतो. न्यूटनच्या सूत्रात दोन वस्तुमानांचा गुणाकार असतो, कूलोमच्या सूत्रात दोन विद्युतभारांचा, आणि दोन्हीकडे भागायचे ते अंतराच्या वर्गानेच. फळ्यावर ही दोन सूत्रे एकाखाली एक लिहिली की विचारी विद्यार्थ्याला राहवत नाही. पुढे आयुष्यभर हा प्रश्न न सोडणारी माणसेही असतात. आपण दोन्ही बले एक करून दाखवली आहेत असे सांगणारी हस्तलिखिते भौतिकशास्त्र विभागांकडे आजही येत असतात. प्रश्न खरा आहे आणि त्याची ओढही खरी आहे. पण नाते शोधायचे ते या सूत्रांच्या साम्यात नाही, असे माझे ठाम म्हणणे आहे. ते वक्रतेत आहे, आणि तिथेही दोन्ही बलांसाठी एकच गोष्ट वाकत नाही. नेमके काय वाकते हे समजले की नाते कुठवर पोचते आणि कुठे थांबते, दोन्ही उलगडते.

आधी त्या साम्याचा निकाल लावू. एका बिंदूपासून सगळ्या दिशांना सारखे पसरणारे काहीही घ्या. अंतर दुप्पट झाले की ते चौपट पृष्ठभागावर विखुरते, कारण गोलाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दिव्याचा प्रकाशही असाच मंदावतो. म्हणजे वर्गव्यस्त नियम आपल्याला अवकाशाला तीन मिती आहेत एवढेच सांगतो. त्यात वावरणारी दोन बले सख्खी आहेत असे सांगत नाही. उलट फरक डोळ्यांत भरणारे आहेत. दोन प्रोटॉनमधले विद्युत प्रतिकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १ वर ३६ शून्ये इतक्या पट आहे. अंगठ्याएवढे चुंबक टाचणी उचलते तेव्हा खालून अख्खी पृथ्वी ती टाचणी ओढत असते आणि हरते. विद्युतभार धन आणि ऋण असे दोन प्रकारचे, म्हणून विजेपासून आडोसा करता येतो. वस्तुमान एकाच चिन्हाचे, म्हणून गुरुत्वापासून आडोसा नाही.

याहून खोल फरक एक आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच्यावर उभे आहे.

चेंडूची कमान

मैदानावर दोन मुले ५० मीटर अंतरावर उभी आहेत. एकाने चेंडू उंच टोलवून दिला. तो ३ सेकंद हवेत राहिला आणि सुमारे ११ मीटर वर गेला. मग दुसऱ्याने तोच चेंडू सपाट फेकून परत केला. तो दीड सेकंदात पोचला आणि पावणेतीन मीटरच वर गेला. दोन्ही कमानी अगदी वेगळ्या. पृथ्वीने इथले अवकाश वाकवले आहे म्हणावे, तर ते यांपैकी कोणत्या कमानीएवढे वाकले?

आइन्स्टाइनने १९१५ मध्ये दिलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचे मर्म असे की नुसते अवकाश पाहायचेच नाही, काळही सोबत मोजायचा. आणि काळाचे माप प्रकाशाच्या वेगाने लांबीत बदलायचे. ३ सेकंद म्हणजे ९ लाख किलोमीटर, दीड सेकंद म्हणजे साडेचार लाख. आता पहिल्या कमानीचा पाया ९ लाख किलोमीटर आणि उंची ११ मीटर. दुसरीचा पाया साडेचार लाख किलोमीटर आणि उंची पावणेतीन मीटर. पायाचा वर्ग करून उंचीच्या आठपटीने भागले की कमानीची त्रिज्या मिळते. वहीवर करून पाहा: दोन्हींची त्रिज्या एकच येते, जवळजवळ एक प्रकाशवर्ष, नेमके सांगायचे तर ०.९७. चेंडूऐवजी दगड फेका, शिशाची गोळी फेका, लाकडाचा ठोकळा फेका, तीच त्रिज्या. पडणारी वस्तू कोणती, तिचे वस्तुमान किती, याने काहीही फरक पडत नाही. मायक्रोस्कोप नावाच्या फ्रेंच उपग्रहाने प्लॅटिनम आणि टायटॅनियम यांच्या पडण्याची तुलना केली. २०२२ साली जाहीर झालेल्या अंतिम निकालांत दहा लाख अब्जात काही भाग इतक्या सूक्ष्मतेपर्यंत फरक आढळला नाही. वक्रता वस्तूची नसून जागेचीच आहे असे म्हणायला याहून भक्कम आधार कोणता हवा?

हाच प्रयोग विद्युत क्षेत्रात करा. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकाच क्षेत्रात सोडले तर ते विरुद्ध दिशांना जातात, आणि इलेक्ट्रॉनचे त्वरण प्रोटॉनच्या १८३६ पट असते. न्यूट्रॉन जागचा हलत नाही. विद्युतभार भागिले वस्तुमान हे गुणोत्तर प्रत्येक कणाचे वेगळे. एकच अवकाश-काल एकाच ठिकाणी इलेक्ट्रॉनसाठी एका बाजूला, प्रोटॉनसाठी दुसऱ्या बाजूला आणि न्यूट्रॉनसाठी सपाट, असा कसा असेल? विजेला भूमितीत बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. दोन बलांच्या एकीकरणाचा कोणताही दावा समोर आला की मी आधी त्यात हे उत्तर शोधतो.

पुंडलिकनगरातला लंबक

उत्तराकडे जाण्याची वाट एका जुन्या उपकरणातून जाते. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरात, पुंडलिकनगरात एखादी चार मजली इमारत पाहा, जिच्या जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत मोकळी जागा आहे. वरून १२ मीटर लांब तारेला जड गोळा टांगा. त्याचा एक हेलकावा सुमारे ७ सेकंदांचा होईल. हा फुकोचा लंबक. तो एका सरळ रेषेत झुलत राहतो, पण ती रेषा हळूहळू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळते. आपल्या शहराचा अक्षांश १९.९ अंश, तिथे ती तासाला ५ अंशांहून किंचित जास्त वळेल. झोका मधल्या बिंदूपासून १ मीटरचा असेल तर तासाभरात त्याचे टोक ९ सेंटीमीटर बाजूला सरकलेले दिसेल. पृथ्वीची एक फेरी पूर्ण झाली की रेषा मूळ दिशेपासून सुमारे १२२ अंश वळलेली असेल.

याकडे भूमितीच्या नजरेने पाहू. पृथ्वी त्या लंबकाला अक्षांशाच्या वर्तुळावरून फिरवून परत मूळ जागी आणते. लंबक आपली दिशा जपण्याचा प्रयत्न वाटभर करत असतो. कोणत्याही क्षणी त्याला कुणी मुद्दाम वळवत नाही. तरीही फेरी संपल्यावर दिशा बदललेली असते, कारण तो ज्या पृष्ठभागावरून गेला तो गोल आहे. सपाट पृष्ठभागावर बदल शून्य झाला असता. वळलेला कोन ठरतो तो त्या वाटेने किती वक्रता वेढली त्यावरून. दिशा जपत नेण्याच्या या नियमाला गणितात संयोजन म्हणतात, आणि बंद वाटेवरून परत आल्यावर जो कोन शिल्लक राहतो त्यावरून वक्रता मोजतात. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाची भाषा हीच आहे. फरक इतकाच की वाट अवकाश-कालातली असते.

आता विजेकडे वळू. क्वांटम सिद्धांताप्रमाणे प्रत्येक इलेक्ट्रॉनसोबत एक तरंग असतो आणि त्या तरंगाला कला असते, म्हणजे घड्याळाच्या एकाच काट्यासारखा फिरणारा एक कोन. हा काटा नेहमीच्या अवकाशात कुठे रोखलेला नसतो. तो आतल्या तबकडीवर फिरतो. १९५९ साली अहरोनोव्ह आणि बोम यांनी दाखवून दिले की इलेक्ट्रॉनचा झोत दुभंगून एका बारीक कुंडलाच्या दोन्ही बाजूंनी नेला आणि पलीकडे पुन्हा एकत्र आणला, तर दोन वाटांनी आलेल्या काट्यांमध्ये कोन पडलेला असतो. चुंबकीय क्षेत्र कुंडलाच्या आतच कोंडलेले असते; इलेक्ट्रॉन ज्या वाटेने जातो तिथे ते शून्य असते. तरी कोन पडतो, आणि तो ठरतो वाटेने वेढलेल्या चुंबकीय प्रवाहावरून. एका वेबरचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातल्या साधारण चार भागांएवढा प्रवाह काटा एक पूर्ण फेरी फिरवायला पुरतो. १९८६ मध्ये जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी अतिवाहकाचे आवरण घातलेल्या सूक्ष्म चुंबकीय कड्यावर हे निर्विवाद सिद्ध केले.

लंबकाचा कोन आणि इलेक्ट्रॉनचा कोन शेजारी ठेवा. बंद वाट, जपत नेलेली दिशा, शेवटी शिल्लक राहिलेला कोन, आणि त्या कोनातून समजणारी, वाटेने वेढलेली वक्रता. विद्युतचुंबकीय क्षेत्र ही अक्षरशः वक्रता आहे. दोन बलांमधले खरे भूमितीय नाते हे आहे, आणि माझ्या मते विसाव्या शतकातल्या भौतिकीचा तो एक मोठा शोध आहे.

मग इलेक्ट्रॉन-प्रोटॉनचा तो अवघड प्रश्न? तो इथेच सुटतो. गुरुत्वात वळते ती अवकाश-कालातली दिशा, जी प्रत्येक वस्तूला असते; म्हणून गुरुत्व सर्वांना सारखे. विजेत वळते ती आतली तबकडी, जी फक्त विद्युतभारित कणांना लागू होते आणि प्रत्येकाच्या भाराप्रमाणे कमीजास्त किंवा उलट वळते. न्यूट्रॉनचा एकूण भार शून्य, त्याला ही तबकडी लागू होत नाही, म्हणून तो हलत नाही. एकाच अवकाशाला तीन प्रकारे वाकवण्याची गरजच उरत नाही.

हा विचार हर्मान वाइल यांना फार लवकर, १९१८ मध्येच सुचला होता, पण चुकीच्या जागी. त्यांनी सुचवले की वाटेवरून नेताना वस्तूची लांबी बदलते आणि तो बदल म्हणजे विद्युतचुंबकत्व. आइन्स्टाइनने लगेच हरकत घेतली: मग वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या हायड्रोजन अणूंच्या वर्णरेषा वेगवेगळ्या दिसल्या असत्या, आणि त्या तर सगळीकडे एकसारख्या दिसतात. हरकत बिनतोड होती. क्वांटम सिद्धांत आल्यावर फॉक आणि लंडन यांच्या ध्यानात आले की बदलते ती लांबी नव्हे, कला. आणि १९२९ साली वाइल यांनी आपली कल्पना त्या रूपात नव्याने मांडली. त्याच पायावर यांग आणि मिल्स यांनी १९५४ मध्ये जे उभारले, त्यातून पुढे अणुगर्भातल्या बलांचे सिद्धांतही आले.

पाचवी मिती

ती आतली तबकडी म्हणजे निव्वळ गणिताची सोय, की खरोखरची एक मिती? या प्रश्नाने मला वर्षानुवर्षे खिळवून ठेवले आहे. थिओडोर कालुझा यांनी १९१९ मध्ये आइन्स्टाइनला पत्राने कळवलेली आणि १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेली कल्पना अशी: अवकाश-कालाला चार नाही, पाच मिती माना, आणि आइन्स्टाइनचीच समीकरणे पाच मितींत लिहा. चार मितींत अवकाश-कालाचे माप सांगायला दहा फलने लागतात, पाच मितींत पंधरा. त्यातली दहा गुरुत्वाची, चार नेमकी मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकत्वाची, आणि एक उरते. मॅक्सवेलची समीकरणे वरून घालावी लागत नाहीत. ती आतूनच बाहेर येतात. १९२६ मध्ये ऑस्कर क्लाइन यांनी पाचवी मिती का दिसत नाही ते सांगितले: ती वर्तुळासारखी गुंडाळलेली आहे, आणि त्या वर्तुळाचा आकार दशांशचिन्हानंतर ३१ शून्ये देऊन मग येणाऱ्या १ मीटरच्या आसपास.

इथे त्या अवघड प्रश्नाचे उत्तर सर्वांत देखणे आहे. पाच मितींत इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन सगळेच सर्वांत सरळ वाटेने जातात. पाचव्या मितीतला संवेग म्हणजेच विद्युतभार. इलेक्ट्रॉन त्या वर्तुळावर एका दिशेने फिरतो, प्रोटॉन उलट, न्यूट्रॉन फिरतच नाही. आणि वर्तुळावर तरंग पूर्ण संख्येनेच मावतात, म्हणून विद्युतभार ठरावीक पटींतच का आढळतो त्याचेही उत्तर मिळते.

तरीही हा सिद्धांत जसाच्या तसा खरा नाही. वर्तुळ इतके लहान असेल तर त्यावर फिरणाऱ्या कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या प्रत्यक्ष वस्तुमानाच्या सुमारे १ वर २१ शून्ये इतक्या पट यायला हवे. पंधरावे फलन म्हणजे आणखी एक क्षेत्र, आणि तेही निसर्गात सापडलेले नाही. कल्पनेचे सौंदर्य आणि तिची अडचण, दोन्ही आकड्यांत सांगता येतात, म्हणूनच ती शास्त्रात मोडते.

बनारस आणि पुणे

तिसरी वाट जॉर्ज रायनिच यांची, १९२५ सालची. त्यांनी उलटा प्रश्न विचारला: विद्युतचुंबकीय क्षेत्रालाही ऊर्जा असते, त्यामुळे ते अवकाश-काल वाकवते, मग नुसत्या त्या वाकण्याकडे पाहून आत कोणते क्षेत्र आहे ते ओळखता येईल का? बहुतांशी येते, हे त्यांनी सिद्ध केले. मिसनर आणि व्हीलर यांनी १९५७ मध्ये हे काम नव्याने पुढे आणले तेव्हा त्यांचे म्हणणे होते की आइन्स्टाइन-मॅक्सवेल समीकरणांत एकीकरण आधीच होऊन बसले आहे. पण एक कोन निसटतो: कोणता भाग विद्युत आणि कोणता चुंबकीय, हे वक्रता पूर्णपणे सांगू शकत नाही. आणि शुद्ध प्रकाशतरंगासाठी ही पद्धत तशीच चालत नाही.

प्रकाश आणि गुरुत्व यांच्या याच व्यवहारात एक मोलाचे काम एका मराठी गणितज्ञाच्या छायेत झाले. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतून १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि तिथे त्यांनी सापेक्षतेची शाळाच उभी केली. आइन्स्टाइनच्या समीकरणांना श्वार्झशिल्डने काढलेले उत्तर प्रकाश न देणाऱ्या ताऱ्यासाठी होते. खरा तारा तर सतत प्रकाश टाकतो आणि त्याचे वस्तुमान घटत जाते. त्याच्याभोवतीचा अवकाश-काल कसा असेल, हे गुजरातेतून त्यांच्याकडे शिकायला आलेल्या प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये काढून दाखवले. कृष्णविवर घडते कसे आणि आटते कसे, याच्या हिशेबात वैद्यांचे ते उत्तर आजही जगभर वापरतात. अवकाश-कालाच्या वक्रतेवरची कर्मारकर यांची अटही याच शाळेतली; ताऱ्यांच्या अंतरंगाची प्रतिरूपे बांधणारे आज ती रोज हाताळतात.

पुढच्या पिढीने दिशा बदलली. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्यासोबत १९६४ मध्ये मांडलेला गुरुत्वसिद्धांत विजेकडून गुरुत्वाकडे येतो. व्हीलर आणि फाइनमन यांनी भारित कणांमधली क्रिया मधले क्षेत्र वगळून थेट कणाकणांत लिहिली होती. हॉईल-नारळीकरांनी तोच साचा गुरुत्वाला लावला. माख यांच्या विचाराप्रमाणे वस्तूचे जडत्व विश्वातल्या बाकीच्या वस्तूंमुळे येते, हे त्यात समीकरणातच उतरले. त्यामागे एक भूमितीय निरीक्षण आहे: मॅक्सवेलची समीकरणे चार मितींत मापपट्टी जागोजागी ताणली तरी बदलत नाहीत, आइन्स्टाइनची बदलतात. हॉईल-नारळीकरांनी गुरुत्वालाही तो गुण दिला. विश्वरचनाशास्त्राचा मुख्य प्रवाह त्या वाटेने गेला नाही, तरी प्रश्न मांडण्याची ती धिटाई मला फार मोठी वाटते. विष्णु वासुदेवांचे पुण्यातले विद्यार्थी नरेश दधिच यांनी नंतर आयुका या पुण्यातल्या संशोधन संस्थेत वक्रतेचेच विद्युत आणि चुंबकीय भाग पाडून त्यांची अदलाबदल केल्यास कोणता अवकाश-काल मिळतो, याचा सखोल अभ्यास केला.

औंढा नागनाथ

हे सारे कागदावरचे राहिलेले नाही. फिरणारी पृथ्वी आपल्याभोवतीचा अवकाश-काल किंचित ओढत नेते, जसा फिरता विद्युतभार चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. २०११ मध्ये जाहीर झालेल्या ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहाच्या निकालांत ही ओढ मोजली गेली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वलहरी आणि गामा किरण सुमारे १३ कोटी वर्षे प्रवास करून पृथ्वीवर आले, तेव्हा त्यांच्यात १.७ सेकंदांचेच अंतर होते. दोन्ही बलांची वेगमर्यादा एकच, दोन्हींचा प्रकाशशंकू एकच: हे नाते मोजून पक्के झाले. आणि दोघांतला भेदही तिथेच दिसतो. प्रकाशाची ध्रुवणदिशा ९० अंश फिरवली की दुसरी स्वतंत्र ध्रुवणदिशा मिळते, गुरुत्वलहरीची ४५ अंशांतच मिळते.

अशा लहरी पकडणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या ४ किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझरचा प्रकाश फिरेल आणि प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी लांबीबदल टिपेल. तिथे गुरुत्वाची वक्रता वाचली जाईल ती प्रकाशाच्या कलेत पडलेल्या कोनावरून.

म्हणून मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राच्या आणि गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वक्रता आणि समांतर स्थानांतर, म्हणजे वाटेवरून दिशा जपत नेणे, हा विषय एम.एस्सी.पर्यंत राखून ठेवू नका; बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी, जिन्यात लंबक टांगून शिकवा. तार वरच्या टोकाला सगळ्या दिशांनी सारखी मोकळी हलेल अशी अडकवा, गोळा दोऱ्याने बाजूला बांधून तो दोरा जाळा म्हणजे सोडताना हाताचा धक्का बसणार नाही, आणि दर तासाला जमिनीवर खडूने रेषा मारा. तासाला ५ अंश आले तर विद्यार्थ्यांना विचारा की हा कोन आला कुठून, आणि इलेक्ट्रॉनला असा कोन कुठे मिळतो.